टेलचं पाणी

५ ऑक्टोबर २०२३

आत्या,

पत्राच्या सुरुवातीला पाया पडते असं लिहायची रीत आहे. पण तू समोर नसताना ते लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच आत्या.

तू गावात नाहीस हे मला सायलीच्या फोनवरून कळलं. लेकीकडं सटाण्याला जायचं तर जावं माणसानं, पण मी रोज तुझ्या दारावरून शेतात जाते, आणि दाराला कुलूप का आहे हे मला सटाण्याहून कळावं? तू फोन उचलत नाहीस. सायली म्हणाली, "ताई, आईला कुणाशी बोलायचं नाही. पत्र टाक. वाचायला तिला आवडतं, वाचेल." म्हणून लिहितेय.

घर ठीक आहे. किल्ली खंडेरावकडं आहे, शेळ्याही त्यानंच नेल्या. बांधाला बांध असलेला शेजारी म्हणून तू त्याला सांगून गेलीस, हे बरं केलंस. मला नाही सांगितलंस, त्याचं मी काही म्हणत नाही.

धरण भरलं, आत्या. सप्टेंबरच्या शेवटी जो लागला तो थांबलाच नाही. सांडव्यावरून पाणी पडतंय, नाशिकहून लोक गाड्या घेऊन फोटो काढायला येतात. पाणी वापर संस्थेची अध्यक्ष म्हणून जलपूजनाला नारळ वाढवायला मला बोलावलं होतं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरीच बसले.

तुझ्या टोमॅटोचे बांबू अजून उभे आहेत. तारा, सुतळ्या सगळं तसंच. खंडेराव काढतो म्हणत होता, मी म्हटलं राहू दे, आत्या आल्यावर बघेल.

लोक म्हणतात, हाच पाऊस थोडा आधी आला असता तर. मी कुणासमोर तसं म्हणत नाही.

दिवाळीला तरी ये.

तुझी
प्रतिभा


१८ नोव्हेंबर २०२३

आत्या,

तू आली नाहीस. दीपक आला होता. भाऊबीजेला पुण्याहून आधी तुझ्याकडं सटाण्याला, मग इकडं. मी ओवाळलं त्याला. ताटात त्यानं काय घातलं ते बघितलं नाही, त्याच्या तोंडाकडं बघत होते. वाळलाय. म्हणाला, "आईनं पुरणाची पोळी केली, दोनदा वाढली. माझ्या कामाचं मात्र एका शब्दानं विचारलं नाही."

आधी तू त्याच्या कामाचं किती सांगायचीस सगळ्यांना. माझा दीपक समुद्र मोजतो, म्हणायचीस.

जुलैच्या सभेबद्दल मला पुन्हा लिहायचं आहे. तू तिथं होतीस, तुला सगळं ठाऊक आहे. पण गावात आता ते वेगळंच सांगतात. दीपकनं पाऊस पडणार नाही असं सांगितलं होतं, असं म्हणतात. तो तसं म्हणाला नव्हता. माझ्या आणि तुझ्याशिवाय हे कुणाला नीट आठवत नाही, आणि तू बोलत नाहीस.

मारुतीच्या सभामंडपात सतरंजीवर आपण सगळे, हेडचे पुढच्या बाजूला, टेलचे मागच्या. मी अध्यक्ष म्हणून पुढं. तेव्हा माझं लक्षही गेलं नव्हतं की लोक धरणाच्या पाटावर जसे आहेत तसेच बसलेत. धरणाजवळचे पुढं, शेपटाकडचे मागं दाराशी. दीपकनं लॅपटॉपवर नकाशा दाखवला. पॅसिफिक महासागराचा मधला पट्टा लालभडक. तो म्हणाला, तिकडचं पाणी तापतंय, त्याला एल निनो म्हणतात. तिकडं असं तापलं की आपल्याकडचा पाऊस बहुतेक वेळा मार खातो. बहुतेक वेळा, दर वेळी नाही. मग त्यानं बोट आपल्या जवळच्या समुद्रावर आणलं. आफ्रिकेच्या बाजूचं पाणी ऊब धरतंय, ते आणखी तापलं तर पावसाळ्याच्या शेवटी आपल्याला हात देईल. देईल की नाही हे आज सांगता येत नाही. ऑगस्ट कोरडा जाण्याची भीती मात्र जास्त आहे.

खंडेराव दाराशी उठून उभा राहिला. "मंग पाऊस पडंल का नाय, तेवढं सांग."

"ठाम नाही सांगता येत, बाबा. कमी पडण्याकडं कल आहे."

मग तू उठलीस. कुणीतरी मागून विचारलं, झुंबरबाई, समुद्र बघितलाय का कधी? तू म्हणालीस, "नाय बघितला. पण दीपकनं बघितलाय. धरणात हाय ते पाणी राखू. माझा हात वर हाय."

तुझा हात वर गेला आणि टेलचे सगळे हात वर गेले. धरण दोन तृतीयांश भरेपर्यंत खरिपाला पाटाच्या पाण्याची पाळी सोडायची नाही, असा ठराव झाला. मी तो वाचून दाखवला. माझ्या आवाजात केवढा ताठा होता, ते आता कानात येतं.

काल जाताना दीपक म्हणाला, "ताई, आमच्या ऑफिसात यंदाचा अंदाज बरोबर आला असं धरलंय. ऑगस्ट कोरडा गेला, सप्टेंबरला जवळच्या समुद्रानं हात दिला, सगळ्या मोसमाचा पाऊस सरासरीच्या थोडा खाली. बैठकीत लोकांनी माझं कौतुक केलं. मला तिथं बसवेना."

मी त्याला करंजीचा डबा दिला हातात.

तुझी
प्रतिभा


२८ जानेवारी २०२४

आत्या,

संक्रांतीचा तिळगूळ सायलीच्या दिरापाशी पाठवला होता. पोचला असेल.

पाट भरून वाहतोय. रब्बीला यंदा पाण्याची ददात नाही. टेलला गहू पोटरीत आलाय, खंडेरावचा कांदा तर बघण्यासारखा आहे. सगळ्या टेलच्या हिरव्यात तुझाच तुकडा तेवढा मोकळा. दादांनी तुला माहेरच्या जमिनीतून तो तुकडा दिला, तेव्हा मी शाळेत होते. तू दीपक-सायलीला घेऊन परत आली होतीस आणि घरात सगळे म्हणत होते, भावानं बहिणीला जमीन दिली, केवढं मोठं मन. हेडची जमीन दादांनी स्वतःकडं ठेवली, ती आज माझी आहे. तू कधी बोलली नाहीस त्यावर. मीही कधी विचार केला नव्हता.

ऑगस्टमधली ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. तू आणि खंडेराव आला होतात. पाऊस दडी मारून बसला होता, ऊन तर चैत्रासारखं. टेलच्या विहिरी उघड्या पडल्या होत्या. आमचे हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ड्युटीवर गेले होते, मी एकटीच झेंडूला पाणी देत होते. माझ्या विहिरीवरची मोटर चालू होती. धरणाच्या झिरप्यावर हेडच्या विहिरींना कधी कमी पडत नाही. मोटरच्या आवाजात खंडेरावचं बोलणं ऐकू येईना, म्हणून मी ती बंद केली, एवढंही मला आठवतं.

तो म्हणाला, "एक पाळी दे, प्रतिभा. झाडाला फळ लागलंय. एका पाण्यावर निघंल."

मी म्हटलं, धरण निम्मंसुद्धा नाही. ठराव आहे. एकाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल, आणि पुढं पाऊस नाही आला तर मार्चमध्ये गावाला प्यायला टँकर. हे सगळं खरं होतं. आजही मला ते खोटं वाटत नाही. तू तोवर बांधावरची माती पायानं सारखी करत होतीस. मग खंडेरावला म्हणालीस, "ती बरोबर बोलतीय. मीच हात वर केला व्हता. चल."

त्याच संध्याकाळी मी दीपकला फोन केला. विचारलं, सप्टेंबरात येईल का रे? तो म्हणाला, समुद्राकडची चिन्हं सुधारतायत, पण कुठल्या आठवड्यात ते कुणालाच सांगता येणार नाही. तुझं शेत कसं आहे हे त्यानं विचारलं आणि मी म्हणाले, तग धरून आहे. ते खरं नव्हतं. पानं तेव्हाच वळायला लागली होती.

पाळी सोडायला हवी होती का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर नाही, असंच उत्तर येतं. मला सलतंय ते दुसरंच. तुम्ही दोघं गेल्यावर मी मोटर परत चालू केली. हेडच्या आम्हा सगळ्यांच्या मोटरी चालू होत्या. त्यातल्या निम्म्या जरी रोज थोडा वेळ पाटात सोडल्या असत्या, तरी धरणाला हात न लावता टेलला एक पाणी मिळालं असतं. पाट माझ्या विहिरीला लागूनच जातो. अंदाज सगळ्यांना एकच सांगितला होता, पण सोसायला लागलं ते टेललाच. आणि हे मला सुचलं ते तुझी झाडं वाळल्यावर, सांडव्यावर पाणी पडताना.

त्यासाठी ठराव मोडायची गरजच नव्हती. माझ्या विहिरीचं पाणी माझं होतं.

तुझी
प्रतिभा


१९ मे २०२४

आत्या,

आज सभा झाली. हे पत्र खंडेरावच्या सांगण्यावरून आजच लिहितेय.

दीपक आला होता. मी बोलावलं नव्हतं, त्यानंच फोन करून विचारलं, येऊ का म्हणून. मी म्हटलं, लोक बोलतील. तो म्हणाला, बोलू दे. या खेपेला त्यानं लॅपटॉप उघडलाच नाही. दाराशी, टेलच्या लोकांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, पॅसिफिक निवत चाललाय, पावसाळ्याच्या उत्तरार्धात तो आपल्या बाजूनं असेल असं दिसतं. एकूण पाऊस बरा होण्याकडं कल आहे. पण सुरुवातीला ओढ बसू शकते, आणि आपल्या एका धरणावर किती पडेल हे समुद्र बघून सांगता येत नाही. ते मागच्या वर्षीही सांगता येत नव्हतं, तेव्हा मी ते आणखी ठळक सांगायला हवं होतं, हेही तोच म्हणाला.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खंडेराव बसल्या बसल्या म्हणाला, "पोरा, मागल्या साली आम्ही तुझं ऐकून हात वर केला नव्हता. तुझं निम्मं आम्हाला कळलंच नाय. तुझी आई उठली म्हणून केला."

मग खंडेरावनंच पुढं विचारलं,

"मंग यंदा तुझी आई काय म्हणतीय?"

दीपक खाली मान घालून तिथंच सतरंजीवर बसला. त्याच्याकडं बघून मला माझं बोलायचं सुचलं. नाहीतर मनात असूनही मी ते पुढच्या सभेवर ढकललं असतं.

मी मांडलं की पावसानं ओढ दिली तर हेडच्या प्रत्येक विहिरीची मोटर रोज काही वेळ पाटात सोडायची, आणि ते पाणी आधी टेलला द्यायचं. पाणी राखायचं ते सगळ्यांनी मिळून राखायचं. हेडकडून फार आवाज झाला. विहीर माझी, वीज माझी, पाटात पाणी का ओतू. आमचे हे सुद्धा सगळ्यांसमोर म्हणाले की घरात विचारलं असतंस तर बरं झालं असतं. विचारलं नव्हतं हे खरंच होतं. दोघांनी तिथल्या तिथं कमिटीचा राजीनामा दिला. पण टेलच्या हातांना हेडचे थोडे हात मिळाले आणि ठराव पास झाला.

आटोपल्यावर खंडेराव माझ्यापाशी आला. "झुंबरबाईला कळव. आजच कळव. आणि हेबी लिही का टेलला कुणी तिचं नाव वंगाळ घेत नाय."

म्हणून लिहिलं. तुझ्या मनात जे आहे ते तसं नाही, आत्या. मी येते तुझ्याकडं, पेरण्या आटोपल्या की. तू नको म्हणालीस तरी येते.

तुझी
प्रतिभा


२४ जुलै २०२४

आत्या,

तुझ्याकडून परत आल्यावर लगेच लिहायचं होतं, जमलं नाही. काय लिहावं तेच कळत नव्हतं.

एसटीतून उतरून विचारत विचारत आले, तर तू कांद्याच्या चाळीत बसलेली. सडके कांदे बाजूला काढत होतीस. मला वाटलं होतं, तू बघून न बघितल्यासारखं करशील, किंवा चिडशील. दोन्हीची तयारी करून आले होते. तू पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "या. बसा."

मी जन्मल्यापासून तू मला अगं-तुगं करत आलीस. माझ्या लग्नात मांडवात सगळ्यांसमोर माझी वेणी ओढून, नीट बस म्हणाली होतीस. त्या दिवशी तू चहा दिलास, आमच्या ह्यांची चौकशी केलीस, झेंडूला भाव काय म्हणून विचारलंस, सगळं अहो-जाहो करत. सायली आत गेली ती बाहेर आलीच नाही. तिलाही ऐकवत नसेल.

मी विहिरींच्या ठरावाचं सांगितलं. तू म्हणालीस, "चांगलं केलंत." मी म्हटलं, खंडेराव म्हणतो, टेलला कुणी तुला बोल लावत नाही. चल माझ्याबरोबर. तेव्हा तू हातातला कांदा खाली ठेवलास. मग जे बोललीस ते मी बसमध्ये पुन्हा पुन्हा मनात म्हणत आले.

"मी रागावून नाय आले. तुमच्यावरबी नाय, दीपकवरबी नाय. माझी झाडं वाळली ती माझी व्हती. त्यांची वाळली ती माझ्या शब्दावर वाळली. ते नाय बोलत म्हणून तर मला तिथं उभं राहावत नाय."

मी म्हटलं, आत्या, तुझ्या हातात काय होतं त्यात? तू म्हणालीस, "हात व्हता ना." आणि परत कांदे निवडायला लागलीस.

दीपकचं तू काही विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगितलं की तो दर रविवारी तुझ्याकडं यायचं ठरवतो आणि येत नाही. तू म्हणालीस, येऊ द्या की, आई आहे मी त्याची. ते मी त्याला जसंच्या तसं फोनवर सांगितलं. नंतर तो येऊन गेला असं सायलीकडून कळलं. तू त्याला जेवण झाल्यावर विचारलंस म्हणे, समुद्राचं पाणी हाताला गार लागतं का गरम. त्यानं सांगितलं, आणि तू पुढं विचारत राहिलीस. हे ऐकून मी देवापुढं दिवा लावला. माझ्यासाठी नाही, तुम्हा दोघांसाठी.

आता इकडचं. अंदाज पाऊस बरा होण्याचा, पण जुलै सगळा तसाच चाललाय. ढग येतात आणि पुढं जातात. नाशिकच्या धरणांत पाणी कमी, पेपरात रोज तेच. दीपक म्हणाला होता ओढ बसू शकते, बसली. टेलचे टोमॅटो माना टाकायला लागले, आणि परवापासून आम्ही हेडच्या मोटरी पाटात सोडल्या. सगळ्यांनी नाही सोडल्या. राजीनामा दिलेल्या दोघांच्या विहिरी बंदच आहेत. पण आमच्या ह्यांनी, ड्युटीवरून आल्या आल्या, न बोलता आमचा स्टार्टर दाबला.

पाण्याबरोबर मी पाटाच्या कडेनं चालत टेलला गेले. कोरडा पाट पाणी फार पितो. कुठं कुठं ते थांबतं की काय असं वाटायचं, मग हळूच पुढं सरकायचं. तुझ्या तुकड्यात यंदा खंडेरावनं टोमॅटो लावलाय, ते तुला विचारूनच. मी पोचले तेव्हा तो बांधावर उभा राहून तुझ्याशीच फोनवर बोलत होता. त्याला कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्यानं लावलेला. तुझा आवाज सगळ्या शेतात येत होता.

"नुसता उभा राहू नको, बारं धर, सरीसरीनं पाणी फिरव. वरच्या अंगाला उंदराची बिळं हायेत, तिथून पाणी पळंल. माती टाक आधी."

खंडेरावनं फोन माझ्यापुढं केला. मी मानेनंच नको म्हटलं. मी बोलले असते तर तू मला अहो म्हणाली असतीस. तू त्याला आणखी बराच वेळ ओरडत होतीस, मी खाली वाकून बिळात माती भरत होते आणि ऐकत होते.

मी होते तिथं, हे त्यानं तुला सांगितलं नसेल. मी सांगू नको म्हटलं होतं. पण तुझ्यापासून लपवायचं असं काही आता माझ्याकडं राहिलं नाही, म्हणून कळवते. तुझ्या शेतात पाणी शिरलं तेव्हा वरच्या अंगाची माती मी टाकली. पाणी पळालं नाही.

तुझी
प्रतिभा